म्हस्केबाईंची हिरवळ कंपनी

म्हस्केबाई स्वतःला ‘मी’ म्हणत नसत. ‘कंपनी’ म्हणत. सकाळी फाटकाशी भेटल्या आणि कसं काय विचारलं, तर सांगत, “कंपनीला आज पित्त झालंय.” चहा पुढे केला की, “कंपनी साखर कमी खाती.” एकदा आमच्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला आणि त्या चांगल्याच आपटल्या. आई धावत गेली. बाई जमिनीवर बसल्या बसल्याच चष्मा पुसत म्हणाल्या, “कंपनीला काही झालं न्हाई. पायरी तपासून घ्या.”

नवख्या माणसाला वाटे, बाईंच्या मागे कुठेतरी मोठं ऑफिस असेल, मॅनेजर असेल, टंकलेखन करणारी पोरं असतील. तसं काही नव्हतं. कंपनीत एकूण माणूस एकच, आणि ते माणूस सायकलच्या कॅरिअरला राखेचं पोतं बांधून आमच्या वसाहतीतून हिंडत असे. पोत्यात राखच का, ते पुढे सांगते.

ही पंच्याहत्तर-शहात्तर सालची गोष्ट. जालना तेव्हा जिल्हा झालेलं नव्हतं, पण बंगले बांधायला लागलं होतं. दुष्काळातून गाव नुकतंच उठलं होतं आणि स्टेशनच्या बाजूच्या माळावर आमची नवी वसाहत उभी राहत होती. माझे वडील पाटबंधारे खात्यात इंजिनीअर. शेजारी बियाण्याचे व्यापारी शेठजी, पलीकडे वकील, समोर डॉक्टर. घर बांधून झालं की प्रत्येक जण म्हणे, पुढे जरा बाग पाहिजे. पण बाग म्हणजे काय करायचं, हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. शेती सगळ्यांना ठाऊक होती. शेठजींनी पहिल्या वर्षी पोर्चसमोर कपाशी लावली. जागा वाया कशाला घालवायची, असं त्यांचं म्हणणं.

अशा माळावर म्हस्केबाईंनी हिरवळ कंपनी काढली. बाई मूळच्या वडीगोद्रीच्या. छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा त्या शाळेत शिक्षिका होत्या. पुढे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. शाळेच्या उघड्या मैदानावर त्यांनी पोरींनी हातपाय धुतलेल्या पाण्यावर बाग फुलवली होती, असं गावात सांगत. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं की म्हणत, कंपनीला वेळ मिळाला न्हाई. कंपनी तेव्हा निघालेलीच नव्हती, हे त्यांना सांगण्याची छाती कुणाला नव्हती.

उंची पुरुषांत उठून दिसावी अशी. फिक्या रंगाचं सुती लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट, काखेत काळी छत्री. निवृत्तीच्या पैशांत वसाहतीच्या टोकाला, डॉक्टरांच्या बंगल्याला लागून, प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. फाटकावर पत्र्याची पाटी: ‘हिरवळ कंपनी. घरगुती बागा आखून मिळतील. सल्ला मागावा लागणार नाही.’

शेवटचं वाक्य शब्दशः खरं होतं. दर रविवारी सकाळी बाई चौकातल्या नाल्याच्या कठड्यावर चढून उभ्या राहत, छत्री उघडत आणि खड्या आवाजात कंपनीच्या बातम्या देत. बातम्या अगदी पुस्तकी भाषेत. “वकिलांच्या मोगऱ्याला पहिली कळी आली आहे. डॉक्टरांच्या हिरवळीस बुरशी लागली असून डॉक्टर अद्याप तिला तपासायला गेलेले नाहीत. इंजिनीअर साहेबांच्या बंगल्यातील नळ काल रात्रभर वाहत होता. कर्दळ समाधानी आहे, गाव नाही.” माझ्या वडिलांनी त्या रात्री झोपण्याआधी दोनदा नळ तपासला.

बातम्या संपल्या की सल्ला. सल्ला मात्र घरच्या भाषेत. कुंपणाची मेहंदी कापायची तर आत्ताच कापा, मंग पाऊस लागल्यावर कात्र्या धुंडत बसाल. मोरीचं पाणी केळीला सोडा, गटाराला बिलकुल देऊ नका, गटार काय घड देणार हाय का. लोक तोंडात ब्रश धरून खिडकीत उभे राहून ऐकत. हसत, चिडत, पण ऐकत. आणि सोमवारी मेहंदी कापलेली असे.

मला त्यांचा धाक वाटे आणि त्यांच्याकडे बघत राहावंसंही वाटे. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. औरंगाबादच्या कॉन्व्हेंटमध्ये वसतिगृहात वाढलेली, मग तिथेच बी. ए., आणि आता स्थळं बघेपर्यंत घरी. माझं इंग्रजी वसाहतीत कुणाच्या कामाचं नव्हतं आणि मराठी वाक्य मी मनात जुळवेपर्यंत विषय बदललेला असे. म्हणून मी बोलत नसे. वरच्या खिडकीत बसून बघे. आणि आमच्या वसाहतीत बघण्यासारखं जे काही होतं, ते बहुतेक म्हस्केबाईंच्या आसपासच घडत असे.

कपाचंच घ्या. वकीलकाकूंनी बाईंना चहा द्यायला म्हणून एक कप वेगळा ठेवला होता. व्हरांड्याच्या कोनाड्यात, उपडा. बाईंनी त्याच कपातून दोन महिने मुकाट्यानं चहा घेतला. मग एका रविवारी बातम्यांत आलं: “वकील साहेबांच्या व्हरांड्यात कंपनीचा कप स्वतंत्र ठेवलेला आढळला आहे. कप निळ्या फुलांचा असून चांगला आहे.” आणि थोडं थांबून सल्ला. “काकू, तसलेच आणखी आणा. सेट होईल. पाहुण्यासमोर एक एक कप बरा दिसत न्हाई.”

सगळी वसाहत खिडक्यांत होती. त्या दिवशी एकही खिडकी हसली नाही. पुढच्या आठवड्यात वकिलांकडे निळ्या फुलांचा अख्खा सेट आला, आणि खुद्द वकील त्यातून चहा प्यायला लागले. ज्या वाक्यासाठी मला जन्मभर धैर्य गोळा करावं लागलं असतं, ते या बाईंनी बुरशी आणि मोगऱ्याच्या बातम्यांमध्ये बसवून टाकलं होतं.

आता राखेचं.

बाग आखायला कुणी बोलावलं की बाई आधी हॉटेलच्या भट्टीतली राख आणत, ती चाळत आणि संध्याकाळी घराभोवतीच्या सगळ्या उघड्या जमिनीवर पातळ पसरून टाकत. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता यायच्या. सूर्य नुकता वर आलेला, ऊन आडवं, आणि त्या आडव्या उन्हात राखेतल्या एकेका पावलाला सावली पडलेली असे. बाई गुडघ्यावर बसून, हनुवटी जवळजवळ जमिनीला टेकवून ती पावलं वाचत. असं आठवडा-पंधरा दिवस. माणसं कुठून निघतात, कुठे वळतात, कुठे उभी राहतात, ते कळल्याशिवाय त्या एक फरशी बसवू देत नसत. “वाट माणसं पाडत्यात,” असं त्या सांगत. “कंपनी नुसती फरशी घालती.”

शेठजींकडे त्यांनी पहिल्यांदा राख पसरली, तेव्हा शेठाणीबाई माहेरी गेलेल्या होत्या. पहाटेच्या गाडीनं परत आल्या तर अंगणभर राख. त्यांनी भानामती म्हणून जो हंबरडा फोडला, तो आमच्याकडे ऐकू आला. दुपारपर्यंत जाफराबादकडून त्यांच्या भावानं एक मांत्रिक आणला. मांत्रिक मोरपिसांचा कुंचा घेऊन राखेच्या कडेला उभा राहिला. आत पाय टाकायला तयार होईना. इतक्यात बाई आल्या. त्यांनी शांतपणे विचारलं की हे पाहुणे का, आणि पाहुणे असतील तर त्यांनी मोकळेपणी चालावं, पाहुणे कुठून येतात नि कुठे टेकतात तेही कंपनीला लागतंच. मांत्रिक कडेकडेनं चालत कोपऱ्यातल्या लिंबाखाली जाऊन बसला. बाईंनी जाऊन त्याची पावलं तपासली. पुढे त्या लिंबाखाली पाहुण्यांसाठी दगडी ओटा झाला आणि शेठजींची सगळी गिऱ्हाइकं खरोखरच तिथेच बसायला लागली.

पण त्याच घरात मी एक वेगळी गोष्ट पाहिली. माझी खिडकी त्यांच्या परसावर उघडत असे. शेठजींच्या आई दोन वर्षं अंथरुणावर होत्या. उठवत नाही, असं सगळे म्हणत, सून मुकाट्यानं सेवा करी. त्या पंधरवड्यात एका सकाळी राखेत मागच्या दारापासून कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत लहान, अनवाणी पावलं उमटलेली होती. एक पाय ओढत गेलेली. त्या कोपऱ्यातून रेल्वेचे रूळ दिसत. बाईंनी ती पावलं शेवटपर्यंत वाचली, कोपऱ्यात उभ्या राहून रुळांकडे पाहिलं. मग मागे येत येत पदरानं एकेक पाऊल पुसून टाकलं. शेठजी बाहेर आले तेव्हा राख कोरी होती.

बाग झाल्यावर परसात, दार आणि कोपरा यांच्या मध्यावर, एक बुटका ओटा निघाला. शेठजींनी विचारलं की इथे कोण बसणार. बाई म्हणाल्या, “कंपनीला वाटलं.”

एवढं वाचता येणारं आणि एवढं गप्प बसता येणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

हे सगळं खरं, पण एका बाबतीत वसाहत बाईंना सोडत नसे. लोकांच्या बागा फुलवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या प्लॉटवर गवताची काडी नव्हती. फाटकापासून ओसरीपर्यंत नुसती पांढरी माती. वकिलांनी एकदा चौकात सगळ्यांदेखत विचारलं, की बाई, दिव्याखाली अंधार का म्हणून. बाईंनी छत्री मिटली.

“वकील साहेब, वाट पडल्याबिगर कंपनी बाग आखत न्हाई. आपल्यासाठी बी नियम तोच.”

“मग पडत का नाही वाट? तुम्ही येता-जाता की.”

“एका माणसाच्या पायानं वाट न्हाई पडत,” बाई म्हणाल्या. “नुसती येरझार पडती.”

वकील हसले. बाकीचेही हसले. पण त्यातलं खरं सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाईंना प्रत्येक फाटकातून हाक होती, पण बाईंच्या फाटकातून आत कुणी जात नसे. काम असलं की लोक रस्त्यावरूनच आवाज देत. मुद्दाम ठरवलेलं काही नव्हतं. निळ्या फुलांच्या कपासारखंच ते होतं, एवढंच की याला उपाय म्हणून बाजारातून सेट आणता येत नव्हता.

मग आमच्या घराची पाळी आली. वडिलांना फाटकापासून पोर्चपर्यंत रुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंना अशोकाची झाडं हवी होती, सरकारी विश्रामगृहासारखी. बाईंनी ऐकून घेतलं आणि राख पसरली.

राख पसरली आहे हे कळल्यावर आमचं सगळं घर परीक्षेला बसल्यासारखं चालायला लागलं. वडील कधी नव्हे ते पोर्चमधून फाटकापर्यंत ताठ चालत गेले आणि तसेच परत आले, कवायतीसारखे. आईनं नव्या चपला घातल्या. धुणं वाळत घालायला ती मागच्या दारानं न जाता पुढून, सगळ्या बंगल्याला वळसा घालून गेली, कारण मागच्या दारानं जाणं बरं दिसत नाही. आणि कामाच्या गोदाबाईंनी पहाटे येऊन, तीस वर्षांच्या सवयीनं, निम्मं अंगण झाडून सडा टाकला.

बाईंनी सकाळी दोन मिनिटं पाहिलं आणि उठल्या.

“साहेब, हे पाय खोटं बोलून राह्यलेत.”

वडिलांना राग आला. ते म्हणाले की या वसाहतीत त्यांना अजून कुणी खोटारडं म्हटलेलं नाही. बाई म्हणाल्या की साहेबांना कोण म्हणतंय, पायांचं चाललंय. कंपनी थांबेल. आणि त्या खरंच थांबल्या. रोज संध्याकाळी राख, रोज सकाळी एक नजर, आणि एकही शब्द नाही. चार-सहा दिवसांत आम्ही कंटाळलो, मग विसरलो, मग पुन्हा आपापल्या पायांनी चालायला लागलो.

मग एका सकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना अंगणात बोलावलं. आमच्या घरातली सगळ्यात मोठी वाट स्वयंपाकघराच्या दारातून निघत होती, धुण्याच्या दगडापाशी जात होती आणि तिथून वकिलांच्या भिंतीला भिडत होती. भिंतीपाशी राख तुडवून काळी झाली होती. आई आणि वकीलकाकू तिथेच बोलत. आईनं मान खाली घातली. बाई म्हणाल्या, तुमची बाग इथं. सावली इथं, मोगरा इथं. वडिलांनी पुढच्या रस्त्याचं विचारलं तर म्हणाल्या, तिथनं दिवसातनं दोनदा जीप जाती, जीपला अशोक कळत न्हाई.

मग त्या फाटकाकडे बघत म्हणाल्या, “आन एक पाऊल हाय. रोज दुपारी फाटकापोत्तर जातं. कडीला हात लावण्याइतकं थांबतं. नि मागं फिरतं.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी पाहिलं नाही. त्या राखेचं पोतं गुंडाळत होत्या. गुंडाळता गुंडाळता त्यांनी आईला विचारलं की घरात कुणाला इंग्रजी वाचता येतं का. कंपनीच्या कामासाठी पाहिजे होतं.

काम असं होतं. स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून बाईंनी परदेशातल्या एका कंपनीची मासिकं आणली होती. तीही घरगुती बागा आखणारी कंपनी, आणि मासिकात तिच्या बातम्या आणि सल्ले. आपल्यासारखंच दुकान चालवणारं दुसरं कुणी जगात आहे, याचा बाईंना विलक्षण आनंद झाला होता. इंग्रजी येत नाही असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “कंपनीला इंग्रजी येतं. कंपनीचा चष्मा मराठी हाय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आमच्या फाटकाची कडी काढली. रस्ता ओलांडून त्यांच्या फाटकापाशी गेले आणि थबकले. त्यांच्या अंगणातही राख पसरलेली होती. गुळगुळीत, आणि तिच्यावर कॅनव्हासच्या मोठ्या बुटांची एकच माळ, जाणारी आणि येणारी. मी कडेकडेनं जायला बघितलं तरी माझ्या चपला उमटल्याच. ओसरीवर पोचून मी इंग्रजीत सॉरी म्हटलं. बाईंनी माझ्यामागच्या त्या चार-दोन पावलांकडे कितीतरी वेळ पाहिलं.

“खराब न्हाई झालं काही,” त्या म्हणाल्या. “बसा, मिस.”

मी रोज दुपारी जायला लागले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात खुरपी आणि झाऱ्या, आणि आम्ही दोघी सतरंजीवर. मी इंग्रजी वाचून लगेच मराठीत सांगायची. लगेच सांगावं लागे, कारण बाईंना थांबायची सवय नव्हती, आणि त्या घाईत माझं मराठी कधी मोकळं झालं ते मला कळलंच नाही. मासिकात लिहिलं होतं की हिवाळ्यात बागेतल्या तळ्यावर बर्फ धरू नये म्हणून पाण्यात चेंडू सोडावा. बाईंनी गंभीरपणे विचारलं, की तळ्यात पाणीच धरावं म्हणून काय सोडायचं, ते लिहिलंय का. पानगळीची पानं पोत्यात भरून ठेवायचा सल्ला त्यांना पटला. घराच्या दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात, हा बिलकुल पटला नाही. माणसाची एक बाजू तरी दुसऱ्यासारखी असते का, त्या म्हणाल्या, डावा पाय बघा नि उजवा बघा.

एकदा मी वाचलं की बसायची जागा घरापासून जितकी लांब करता येईल तितकी करावी, म्हणजे घरमालकाला एकांत मिळतो. त्यासाठी त्या कंपनीची खास योजना होती आणि तिचे पैसे वेगळे द्यावे लागत.

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

“एकांत पैसे देऊन घेत्यात व्हय तिकडं?” त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, “पुढचं वाचा.”

त्या रविवारच्या बातम्यांत शेवटी एक ओळ आली. “कंपनीच्या स्वतःच्या अंगणात वर्दळ वाढल्याचे वृत्त आहे.” लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. वर्दळ म्हणजे मी एकटीच होते.

उन्हाळा गेला, पाऊस झाला, दिवाळी झाली. वकील मधूनमधून विचारत की काय बाई, पडली का वाट. बाई म्हणत, कंपनीचं काम चालू हाय. मी त्यांना कधी विचारलं नाही. त्या अजूनही रोज संध्याकाळी अंगणात राख पसरत, एवढं मला दिसत होतं.

माझं लग्न माघात ठरलं. मुलगा भिलाईच्या कारखान्यात इंजिनीअर. मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या रोपांच्या पिशव्या भरत होत्या. म्हणाल्या, बराबर, व्हायलाच पाहिजे. भिलाई किती लांब, गाडी कुठून, तिकडे माती कसली, हे सगळं विचारून घेतलं. मातीबद्दल मला काही सांगता आलं नाही. मग त्यांनी पिशव्या बाजूला सारल्या आणि मासिक माझ्या हातात दिलं.

पुढे साड्या, पाहुणे, आहेर यांत माझं जाणं बंद झालं. आई हळदीचं बोलावणं करायला बाईंच्या फाटकाशी गेली आणि रस्त्यावरूनच आवाज दिला. बाईंनी आतूनच सांगितलं, की कंपनी कामात हाय.

माझी हळद रविवारी होती. त्या सकाळी कठडा रिकामा राहिला. बातम्या झाल्या नाहीत. लोक खिडक्यांत येऊन उभे राहिले, घड्याळं बघून आत गेले. वकीलकाकू आमच्याकडे हळद लावायला आल्या, तेव्हा हाच विषय. शेठाणीबाई म्हणाल्या, बाईंचं काही दुखतंय-खुपतंय की काय, कुणीतरी बघून यायला पाहिजे. आई म्हणाली, खरंच, कुणीतरी जायला पाहिजे. सगळ्या बायकांनी माना डोलावल्या आणि हळदीची वाटी पुढे सरकवली.

मी पाटावरून उठले. आईला वाटलं, पाणी पाहिजे असेल. मी दारापर्यंत गेल्यावर तिच्या लक्षात आलं. हळद लागलेल्या मुलीनं उंबरठा ओलांडायचा नसतो, हे मला तिनं आठवडाभर आधीपासून बजावलं होतं. ती मागून हाक मारत होती, आत्या मारत होती, कुणीतरी वडिलांना बोलवायला धावलं. मनात एकही वाक्य जुळवायला न थांबता मी म्हणाले, “आई, मी बाईंकडे जाऊन येते,” आणि तशीच, पिवळ्या हातापायांनी, अनवाणी रस्ता ओलांडला.

फाटक उघडंच होतं. अंगणात राख नव्हती.

फाटकापासून ओसरीपर्यंत शहाबादी फरशीचे तुकडे बसवलेले होते. एकामागे एक, मध्ये दुर्वांचे ताजे गड्डे. दोन्ही बाजूंना आळी करून रोपं लावलेली, त्यांना नुकतंच पाणी दिलेलं. वाट सरळ नव्हती. मध्यावर ती डावीकडे झुकून पुन्हा उजवीकडे येत होती. तिथे पूर्वी पाण्याचा पिंप असायचा, मी त्याला वळसा घालून जात असे. पिंप केव्हाच हलवला होता. वळसा तसाच होता.

मी पहिल्या फरशीवर पाय ठेवला. दुसरी आपसूक पुढच्या पावलाखाली आली. मग तिसरी. मला खाली बघावंच लागलं नाही. चालताना मी किती आखूड पावलं टाकते हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. ते ज्यांना माहीत होतं, त्या ओसरीवर हाताचा चिखल धूत उभ्या होत्या.

बाईंनी माझे हळदीचे हात-पाय पाहिले, रस्त्यापलीकडे आमच्या फाटकात जमलेल्या बायका पाहिल्या, आणि त्या ओसरीवरून उतरून माझ्याकडे यायला लागल्या. त्यांची टांग मोठी. त्या फरशांवर त्यांना ती टाकता येईना. लुगडं घोट्याच्या वर धरून, अंगाचा तोल सांभाळत, लहान लहान पावलं टाकत त्या आल्या, ओढ्यातल्या दगडांवरून एखादी पोर येते तशा. मला हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं.

“बाई, या फरशा तुमच्या पावलाला जवळ पडताहेत,” मी म्हणाले. “लांब लांब बसवायच्या होत्या. मी तर उद्या...”

बाईंनी मला पुढे बोलू दिलं नाही.

“वाट येणाऱ्याच्या पावलानं आखत्यात, पोरी,” त्या म्हणाल्या. “कंपनी तर घरातच हाय.”

आणि वळून, तशीच आखूड पावलं टाकत, त्या चहा ठेवायला आत गेल्या.